पुन्हा बांधलेले इंजिन आणि त्याची निगा



रेल्वेचे फाटक पडलेले असते. अलीकडे एखादी बैलगाडी, एखादा उसाचा ट्रॅक्टर, शाळेत निघालेली दोन-चार सायकलवाली मुले थांबलेली असतात. लांबून घरघर ऐकू येते, जमीन हलायला लागते आणि डिझेल इंजिन समोरून धडधडत निघून जाते. त्या गडबडीत इंजिनाच्या अंगावरची अक्षरे वाचायला कोणाला सवड असते? पण एका शाळामास्तरांनी ती वाचली होती. इंजिनावर लहानशी पाटी होती आणि त्यावर पतियाळाच्या कारखान्यात पुनर्बांधणी झाल्याचा उल्लेख होता. पुढे गाठ पडली तेव्हा त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. जुने इंजिन पुन्हा बांधले म्हणजे नुसता रंग दिला, की आणखी काही केले? आणि खरोखरच नव्यासारखे केले असेल, तर ते वाटेत बंद का पडते?

दुसरा प्रश्न त्यांनी हसत विचारला. मला मात्र तो लागला. का लागला ते पुढे सांगतोच.

आपल्या शेतकरी बंधूंना 'इंजिन बांधणे' हा शब्द नवा नाही. विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन दम टाकायला लागले, तेल प्यायला लागले, की आपण ते तालुक्याच्या मेस्त्रीकडे नेतो. तो हेड उतरवतो, लायनर पाहतो, रिंगा बदलतो, वॉल घासतो, नोझल तपासतो. चार दिवसांनी इंजिन बांधून घरी येते. रेल्वेचे इंजिन बांधायचे म्हणजे मुळात हेच काम करायचे. फक्त तिथे सोळा सिलिंडर असतात, आणि त्यातल्या एकेका सिलिंडरात पिस्टन खालून वर येईपर्यंत अकरा लिटर हवा मावते. आपली घागर साधारण तेवढीच असते.

या इंजिनांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-२ जातीची इंजिने भारतात आली. शक्ती २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन, चाकांच्या सहा जोड्या आणि सहाही जोड्यांना मोटरी. त्याच कंपनीच्या सहकार्याने वाराणसीला रेल्वेचा डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला आणि १९६४ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिथले पहिले इंजिन बाहेर पडले. तेव्हापासून १९९० च्या दशकाअखेरपर्यंत या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने तयार झाली. महाराष्ट्रात पुण्याला घोरपडीच्या शेडमध्ये ती होती. सातारा, मिरज, कोल्हापूरकडच्या लोकांनी त्यांच्या मागे बसून कितीतरी वर्षे प्रवास केला.

गंमत अशी, की जिने हे इंजिन दिले ती अ‍ॅल्को कंपनी १९६९ साली बंद पडली. म्हणजे माहेरच तुटले! सुटे भाग कोठून आणायचे, सुधारणा कोणाला विचारायच्या? सगळे आपल्यालाच करावे लागले. सुटे भाग इथे बनवायचे आणि जुनी इंजिने पुन्हा उभी करायची, या हेतूने १९८१ साली पतियाळाच्या कारखान्याची पायाभरणी झाली. पुढे २००३ साली त्याचे नावच डिझेल इंजिन आधुनिकीकरण कारखाना असे झाले. रेल्वेच्या हिशेबात डिझेल इंजिनाचे आयुष्य छत्तीस वर्षांचे धरलेले असते. अठरा वर्षे झाली, म्हणजे निम्मे आयुष्य सरले, की त्याला पतियाळाला पाठवावे असा क्रम ठरला.

तिथे काय करतात? इंजिन अक्षरशः सोलून काढतात. छप्पर उतरते, मोटरी निघतात, वायरींचे भारेच्या भारे बाहेर पडतात. शेवटी उरतो तो खालचा लोखंडी सांगाडा. त्याला कोठे चीर गेली आहे का, तो वाकला आहे का, हे पाहून मग त्यावर पुन्हा रचना सुरू होते. वायरिंग नवे, ब्रेकची यंत्रणा नवी. पूर्वी गाड्यांना निर्वात ब्रेक असत, ते जाऊन हवेच्या दाबाचे ब्रेक आले. पूर्वी वीज तयार करायला मोठा डायनामो असे, त्याच्या कार्बनच्या ब्रशांची सतत काळजी घ्यावी लागे. त्या जागी अल्टरनेटर बसला. आणि मुख्य गोष्ट म्हणजे २६०० अश्वशक्तीचे इंजिन कारखान्यातून बाहेर पडताना ३१०० अश्वशक्तीचे होऊन निघू लागले. त्याचे नावही बदलले, डब्ल्यूडीएम-३ए.

आता विचार करा, सिलिंडर तेच सोळा, त्यांचा व्यास तोच नऊ इंच, मग ही वरची पाचशे अश्वशक्ती आली कोठून?

ती आली हवेतून. शक्ती डिझेल जळण्यातून येते हे खरे, पण डिझेल जास्त ओतून भागत नाही, ते जळायला हवा लागते. चुलीत लाकडे कोंबली आणि फुंकर नाही घातली तर घरभर धूर होतो, तसेच हे आहे. ही फुंकर घालणाऱ्या यंत्राला टर्बो म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर त्याचे एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरते. मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे! नव्या बांधणीत जास्त चांगला टर्बो बसवला. पण हवा दाबली की तापते, आणि तापली की फुगते. सायकलचा पंप मारताना तो खाली किती गरम होतो ते मुलांना ठाऊक असते. म्हणून ती हवा थंड करणारी पाण्याची जाळीही मोठी केली. हवा वाढली तेव्हा डिझेल वाढवता आले, त्यासाठी पंपाचा दट्ट्या पंधरा मिलिमीटरचा होता तो सतरा केला. डिझेल वाढले तेव्हा पिस्टनच्या डोक्याला जास्त आच लागू लागली, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनला पोलादी टोपी घातली. असा एकातून एक बदल होत गेला. आणि विशेष म्हणजे शक्ती वाढूनही प्रत्येक अश्वशक्तीमागे लागणारे डिझेल कमी झाले, कारण जळण नीट होऊ लागले.

हे झाले जे वाढले त्याविषयी. जे वाढले नाही तेही सांगायला हवे, कारण तिथे पुष्कळ जाणत्यांचीही फसगत होते.

इंजिनाचे वजन साधारण तेच राहिले, चाके तीच राहिली. उभी गाडी जागची हलवायची असते तेव्हा किती अश्वशक्ती आहे याला फारसा अर्थ नसतो. चाकाची रुळावर पकड किती बसते, हा तिथला प्रश्न असतो. बैल कितीही ताकदीचा असो, चिखलात खूर घसरला की ताकद वाया जाते. जुने इंजिन सुरुवातीला सुमारे तीस टनांचा जोर लावी, नवेही तेवढाच लावते. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग येईपर्यंत दोघांत जवळजवळ काहीच फरक नाही. फरक दिसतो तो त्यापुढे. साठ किलोमीटरच्या वेगाला जुने इंजिन दहा टनांच्या आसपास ओढत असेल, तर नवे साडेअकरा-बारा टन ओढते. म्हणजे एक्स्प्रेस गाडीला दोन डबे जास्त लावा, ती चढावर वेग टिकवील. पण पावसात ओल्या रुळावर, घाटाच्या तोंडाशी, जड मालगाडी हलवायची असेल, तर बांधून आणलेल्या इंजिनालाही रुळावर वाळूच टाकावी लागते.

आमच्या शेडमध्ये एक जुने ड्रायव्हर होते. नवे इंजिन हातात आले की ते म्हणत, कागदावरची शक्ती कारखान्यात राहिली, आता रुळावरची किती ते बघू. त्यांचे खरे होते. ही शक्ती मोजायची सोय शेडमध्ये असते, तिला लोड बॉक्स म्हणतात. इंजिन जागेवर उभे ठेवून त्याची वीज मोटरींना न देता मोठ्या रोधांत सोडायची, आठव्या नॉचवर नेऊन दाब आणि प्रवाह मोजायचा. एकाच महिन्यात बांधून आलेली दोन इंजिनेसुद्धा सारखी भरत नाहीत. एखादे शंभर-दोनशे अश्वशक्ती कमी भरते. कोठे एखादा पंप नीट जुळलेला नसतो, कोठे हवेच्या नळीला बारीक गळती असते. हे शोधून काढण्यात फिटर लोकांचे दिवसच्या दिवस जातात, आणि बाहेरच्या माणसाला त्यातले काही दिसत नाही.

मग निगा म्हणजे काय, तर मुख्यतः पाहणे. इंजिन पंधरा-वीस दिवसांनी शेडमध्ये येते, दोन महिन्यांनी जरा मोठी तपासणी, चार महिन्यांनी त्याहून मोठी, वर्षाची आणखी मोठी, आणि काही वर्षांनी परळसारख्या कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती. प्रत्येक वेळी काय काय पाहायचे त्याची यादी ठरलेली असते. ती सगळी वाचून दाखवीत नाही, आपण रेडिओ बंद कराल! त्यातल्या मला आवडणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे टर्बो ऐकणे. इंजिन बंद केले की टर्बो लगेच थांबत नाही, गतीच्या जोरावर फिरत राहतो. शेडमधला माणूस घड्याळ हातात घेऊन जवळ उभा राहतो आणि कान देतो. बारीक शिटीसारखा आवाज हळूहळू उतरत जातो. दीड ते तीन मिनिटांत तो थांबला तर ठीक. त्याच्या आतच थांबला तर बेअरिंग घासते आहे किंवा काजळी धरली आहे असे समजावे. एवढ्या मोठ्या यंत्राची नाडी अशी नुसत्या कानाने पाहायची, याचे मला अजूनही नवल वाटते. ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या ट्रॅक्टरला टर्बो असेल तर जोराचे काम संपल्यावर तो एकदम बंद करू नका. दोन-तीन मिनिटे हळू चालू द्या. इंजिन बंद झाले की टर्बोला मिळणारे वंगणही बंद होते, आणि तो तर अजून तापलेला व फिरता असतो.

दुसरी गोष्ट धुराची. ही इंजिने काळा धूर सोडतात म्हणून लोक नावे ठेवतात. गाडी सुटताना निघणारा काळा धूर हा पुष्कळदा दोष नसतो. ड्रायव्हरने नॉच वाढवला की डिझेल तत्काळ वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि धूर काळा होतो. टर्बोने वेग घेतला की धूर विरायला हवा. दोन मैल गेल्यावरही तो काळाच असेल तर मात्र कोठेतरी बिघाड आहे. निळसर धूर असेल तर वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे, नाहीतर सिलिंडरात पाणी उतरते आहे. फाटकात थांबल्यावर मुलांना हे दाखवता येईल.

तिसरी गोष्ट तेलाची, आणि तिच्याशी माझी स्वतःची गोष्ट जोडलेली आहे.

अशा इंजिनात हजाराच्या घरात लिटर वंगणाचे तेल असते. ते सगळ्या अंगातून फिरून येते, म्हणून त्याला सगळ्यांच्या घरची बातमी असते. शेडच्या प्रयोगशाळेत त्या तेलाचा नमुना विजेच्या ठिणगीत जाळतात आणि त्या उजेडाच्या रंगांवरून त्यात कोणता धातू किती आहे ते सांगतात. दहा लाख भागांत दोन-चार भाग असले तरी कळते. तांबे, शिसे, कथील वाढले तर बेअरिंग झिजते आहे. अ‍ॅल्युमिनियम वाढले तर पिस्टन. लोखंड आणि क्रोमियम वाढले तर लायनर आणि रिंगा. थंड करण्याच्या पाण्यात घातलेल्या औषधाचा अंश तेलात सापडला तर कोठेतरी पाणी तेलात मिसळते आहे. आणि सिलिकॉन वाढले तर ती आपल्या वाटेवरची साधी धूळ, माती. ती आत शिरली असेल तर हवेच्या गाळणीतूनच.

ही गोष्ट २००७ सालची. मी तेव्हा एका शेडमध्ये देखरेखीच्या कामावर होतो. शेडचे नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. जानेवारीत बांधून आलेले एक इंजिन आमच्याकडे लागले. रंग चकचकीत, आतून स्वच्छ, लोड बॉक्सवर शक्ती पुरेपूर भरली. सगळे खूश. पंधरा दिवसांनी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि तिथल्या रसायनतज्ज्ञांची तांबड्या शाईची चिठ्ठी आली. सिलिकॉन जास्त, लोखंड वाढते आहे, हवेच्या गाळण्या पाहाव्यात.

गाळण्या पाहायच्या म्हणजे इंजिन निदान अर्धा दिवस अडकणार. त्या दिवशी इंजिनांची ओढ होती, दोन गाड्यांना इंजिन कमी पडत होते. आणि खरे सांगायचे तर माझ्या मनाने घेतले होते, की हे तर आत्ताच बांधून आले आहे, याला काय होते! जुन्या इंजिनाची अशी चिठ्ठी आली असती तर मी त्याला हलू दिले नसते. मी चिठ्ठीवर लिहिले, पुढील तपासणीस पाहावे, आणि खाली सही केली.

पुढची तपासणी यायची होती मार्चच्या मध्याला. त्याच्या आधीच, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, ते इंजिन पहाटेच्या एका पॅसेंजर गाडीला होते. एकेरी लोहमार्ग, दोन स्टेशनांच्या मधला चढ. धुळीने रिंगा आणि लायनर खाऊन टाकले होते, सिलिंडरातला दाब खाली क्रँककेसमध्ये उतरत होता आणि तेल बाहेर फेकले जात होते. आपल्या इंजिनाच्या ब्रीदरमधून धूर यायला लागला की मेस्त्री सांगतो ना, रिंगा गेल्या म्हणून, तोच प्रकार. सुटताना सळईवर तेल पुरेसे दिसले होते. चढावर ते इतके उतरले, की तेलाचा दाब पडला आणि संरक्षक यंत्रणेने इंजिन बंद केले. तिने तिचे काम केले. ड्रायव्हरने पुन्हा चालू करून पाहिले, पुन्हा बंद. दुसरे इंजिन मदतीला पोहोचेपर्यंत साडेतीन तास गेले.

त्या गाडीत बारावीच्या परीक्षेला निघालेली सहा-सात मुले होती. वाटेवरच्या खेड्यांतली, रोज त्याच गाडीने तालुक्याच्या केंद्रावर जाणारी. त्यांच्याबरोबर त्यांचे एक शिक्षक होते. गाडी थांबली तिथून सडक तीन मैलांवर होती. शिक्षकांनी मुलांना रुळाच्या कडेने चालत सडकेपर्यंत नेले, एका टेंपोत बसवले, आणि तरीही ती अर्ध्या-पाऊण तासाने उशिरा पोहोचली. त्यांना आत घेतले नाही. तो पेपर बुडाला.

हे मला चार दिवसांनी कळले, तक्रारवहीतल्या नोंदीवरून. नोंद त्या शिक्षकांच्या हातची होती. रागावून लिहिलेली नव्हती. इंजिन बंद पडण्याचे कारण कळावे, म्हणजे मुलांना सांगता येईल, एवढीच विनंती होती. कारण आमच्या फायलीत दीड महिना पडून होते, आणि त्याखाली माझी सही होती.

इंजिन उघडले तेव्हा तीन सिलिंडरांच्या रिंगा चिकटलेल्या निघाल्या, लायनरवर उभे ओरखडे. आणि हवेच्या एका गाळणीच्या चौकटीची रबरी पट्टी, हाताच्या लांबीची, एका टोकाला सुटून आत दुमडली होती. बसवताना कोणाच्या तरी हातून दुमडली गेली असेल. ती सरळ करायला पाच मिनिटे पुरली असती.

मी त्या शिक्षकांना पत्र लिहिले आणि कारण कळवले, माझ्या सहीसकट. त्यांचे उत्तर आले. त्यात त्यांनी पट्टीची आकृती काढून मागितली होती, वर्गात दाखवायला म्हणून.

त्यानंतर आमच्या शेडमध्ये मी एक रीत पाडली. कारखान्यातून बांधून आलेले इंजिन पहिले दोन महिने आजाऱ्यासारखे वागवायचे. त्याचा तेलाचा नमुना नेहमीच्या निम्म्या दिवसांनी घ्यायचा, नळ्यांचे जोड दर खेपेला हाताने पाहायचे. सोललेले यंत्र पुन्हा जोडताना हजारो बोल्ट आणि शेकडो जोड नव्याने बसतात, त्यातला एखादा सैल राहतोच. शिवाय सगळेच काही नवे नसते. सांगाडा अठरा वर्षे हादरे खाल्लेला असतो आणि त्यावर वरून पाचशे अश्वशक्ती जास्त येते. बांधून आणलेल्या इंजिनाला नवे समजण्यात हा धोका आहे. काही सहकाऱ्यांना ही रीत कटकटीची वाटे. एक-दोघांनी तसे तोंडावर सांगितलेही.

डिझेलच्या उधळपट्टीविषयीही एक शब्द बोलतो. ही इंजिने उभ्या उभ्या चालू ठेवायची फार सवय होती. बंद केले आणि पुन्हा चालू झाले नाही तर काय, बॅटरी उतरली तर काय, ही भीती. पण असे इंजिन नुसते उभे राहून तासाला वीस ते पंचवीस लिटर डिझेल पिते. एका रात्रीचा हिशेब शाळेतल्या मुलांनी करावा! पुढे काही इंजिनांना एक लहान पूरक इंजिन बसवले. मोठे इंजिन बंद ठेवून ते बॅटरी आणि ब्रेकची हवा राखते आणि तासाला तीनेक लिटरवर भागवते. बॅटरीची नीट निगा असली की मोठे इंजिन बंद करायची भीती निम्मी कमी होते, असा माझा अनुभव आहे.

आता दिवस बदलले आहेत. बहुतेक मोठ्या मार्गांवर विजेच्या तारा आल्या. कोकण रेल्वेसुद्धा २०२२ साली पूर्ण विजेवर आली. वाराणसीच्या कारखान्यात २०१८ साली दोन जुन्या डिझेल इंजिनांना जोडून त्यांचे १०,००० अश्वशक्तीचे विजेचे इंजिन करून दाखवले. प्रयोग म्हणून तो मोठा होता, पण ती वाट पुढे फारशी चालली नाही. काही डिझेल इंजिने परदेशी गेली. २०२० च्या जुलैत दहा वापरलेली इंजिने भारताने बांगलादेशाला दिली. जी पुन्हा बांधलेली इंजिने इथे उरली आहेत त्यांच्याकडे यार्डात डबे लावणे, खडीच्या गाड्या ओढणे, अपघातस्थळी मदतीची गाडी नेणे, अशी कामे आली आहेत. तारेतली वीज गेली की अजून त्यांनाच हाक मारतात. अशा इंजिनाची निगा जास्त अवघड असते, हे मुद्दाम सांगतो. रोज धावणाऱ्या इंजिनाचा दोष रोज दिसतो. आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्याच्या बॅटऱ्या उतरतात, रबराच्या पट्ट्या वाळतात, डिझेलच्या टाकीत पाणी साठते, आणि बोलावणे नेमके अपरात्री येते.

जाता जाता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सांगतो. तो शेडच्या प्रयोगशाळेतही करतात आणि त्याला खर्च काही नाही. एक टिपकागद घ्या. त्यावर थोड्या अंतराने तेलाचे दोन थेंब टाका. एक डब्यातल्या नव्या तेलाचा, दुसरा कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या किंवा पंपाच्या इंजिनातल्या तेलाचा. सळई बुडवून तिच्या टोकाचा थेंब घेतला तरी चालेल, मात्र इंजिन नुकतेच बंद केलेले असावे. कागद अधांतरी राहील असा दोन पुस्तकांवर ठेवा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी दुसऱ्या थेंबाकडे पाहा. काळसर रंग मधून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेला असेल तर तेलात अजून काजळी धरून ठेवण्याची ताकद आहे. मध्ये दाट काळा ठिपका आणि त्याला ठळक कड दिसली, तर तेल बदलायला झाले. बाहेरच्या कडेला फिकट पारदर्शक वलय लांबवर पसरले असेल तर तेलात डिझेल उतरते आहे, नोझल पाहावे. आणि वलयाची कड करवतीसारखी दातेरी दिसली तर पाण्याचा संशय धरावा, ट्रॅक्टर तसाच नांगराला जुंपू नये आणि मालकाला त्याच दिवशी कळवावे.